आप्त कोण? नवजात बाळाचे घरातले पहिले आठवडे



मागच्या खेपेला आपण प्रमाणांविषयी बोललो. प्रमाण म्हणजे खरं ज्ञान मिळवण्याचं साधन, आणि न्यायदर्शन अशी चार साधनं मानतं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. व्याख्यान संपल्यावर एक तरुण गृहस्थ थांबले. म्हणाले, "सर, घरी नऊ दिवसांचं बाळ आहे. आई एक सांगते, सासूबाई दुसरं, डॉक्टर तिसरं, आणि मोबाइल रोज चौथं. तुमच्या चार प्रमाणांनी मला एवढंच सांगावं, की ऐकायचं कुणाचं?" आम्ही हसून वेळ मारून नेली. घरी जाताना रिक्षात वाटलं, प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. प्रमाणशास्त्राची खरी परीक्षा अशाच घरात होते. म्हणून आजचा विषय ठरवला होता तो बाजूला ठेवून हा घेतला.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आमच्या नावामागे डॉक्टर लागतं ते तत्त्वज्ञानातलं. त्याने कुणाचा ताप उतरत नाही. तेव्हा आज औषध सांगणार नाही. कळतं कसं, आणि कळायला उशीर का होतो, एवढंच बघू.

विषय किती गंभीर आहे याचा आधी अंदाज घेऊ. 1971 साली भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 129 बाळं वर्षाच्या आत दगावत होती. 2020 मध्ये हा आकडा 28 वर आला. प्रगती मोठी आहे. पण या 28 पैकी 20 मृत्यू पहिल्या 28 दिवसांतले होते. म्हणजे अजूनही सगळ्यात नाजूक काळ कुठला, तर हाच; बाळंतीण घरी आलेली असते, पेढे वाटून झालेले असतात आणि सगळे निर्धास्त असतात तो.

प्रत्यक्ष: आधी बघायला शिकू

बाळ बोलत नाही. त्याच्याविषयीचं पहिलं ज्ञान डोळ्यांनी आणि हातांनीच मिळवायचं असतं. आपण मात्र बाळाकडे बघतो ते नाक कुणासारखं आणि रंग कुणाचा, हे ठरवायला. त्याऐवजी काय बघावं?

लंगोट बघावेत. पहिले एक-दोन दिवस शी काळपट हिरवी, डांबरासारखी चिकट असते. दूध पोटात जाऊ लागलं की चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत ती पिवळी होते. शू पहिल्या दिवशी एखाद-दोन वेळा, मग वाढत जाते आणि पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट ओले होतात. बाळाने किती दूध प्यायलं ते आईला मोजता येत नाही. लंगोट मोजता येतात.

वजनाचं ऐकून लोक घाबरतात. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतंच. तीन किलोचं बाळ 2 किलो 800 ग्रॅमवर आलेलं दिसलं तर त्यात नवल नाही. साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत येतं. जन्मवजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, किंवा दोन आठवड्यांनंतरही भरून आलं नाही, तर मात्र दाखवायला हवं.

ऊब हाताने कळते. हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला लावावी, मग पावलांना. दोन्ही कोमट लागली तर ठीक. पोट कोमट आणि पावलं गार, तर बाळाला थंडी वाजते आहे. आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालावं. पोटही गार लागलं तर तसंच छातीशी धरून दवाखान्याची वाट धरावी. या तपासणीला कुठलंही यंत्र लागत नाही.

श्वास मोजता येतो. बाळ शांत असताना, घड्याळ समोर ठेवून, पूर्ण एक मिनिट. नवजात बाळाचा श्वास थोडा अनियमित असतो, मध्येच क्षणभर थांबल्यासारखा वाटतो, म्हणून अर्ध्या मिनिटाची दुप्पट करू नये. साठ किंवा जास्त भरला तर पुन्हा मोजावा. पुन्हा तेवढाच आला तर बाळाला न्यावं.

कावीळ दिवसाच्या उजेडात बघावी, ट्यूबलाइटखाली नाही. कातडीवर बोट हलकं दाबून उचललं की पिवळेपणा दिसतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी कावीळ पुष्कळ बाळांना दिसते आणि बहुतेकांची दोन आठवड्यांत जाते. पण जन्मापासून चोवीस तासांच्या आत दिसली, तळहात-तळपायांपर्यंत पोचली, किंवा बाळ पिवळं असून पेंगतं आहे, तर त्याच दिवशी डॉक्टर. "कोवळ्या उन्हात ठेवा, उतरेल" असं म्हणून चार दिवस घालवायचे नाहीत.

उलट काही गोष्टी दिसायला भीतीदायक आणि असायला साध्या असतात. शिंका, उचकी, झोपेत दचकणं, कातडीचे पापुद्रे निघणं. मुलगा असो वा मुलगी, छाती थोडी सुजलेली असू शकते. ती पिळायची नाही. मुलींना पहिल्या आठवड्यात शूच्या जागी किंचित रक्त दिसू शकतं. आईच्या शरीरातून आलेल्या संप्रेरकांचा तो परिणाम असतो, आपोआप जातो.

अनुमान: दोन फसवी अनुमानं

धूर दिसला म्हणजे अग्नी आहे, हे आपलं पाठ झालेलं उदाहरण. पण न्यायशास्त्र तिथेच पुढे विचारतं, की हा हेतू खात्रीचा आहे का? जो हेतू साध्य असतानाही सापडतो आणि नसतानाही सापडतो, तो सव्यभिचार हेतू. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आता घरातलं वाक्य घ्या: "बाळ रडतंय, म्हणजे दूध पुरत नाही." बाळ भुकेने रडतं. ते ओलं झालं म्हणून, गरम झालं म्हणून, पोटात वारा धरला म्हणून आणि नुसतं कुशीत यायचं म्हणूनही रडतं. म्हणजे रडणं भूक असताना सापडतं आणि नसतानाही. सव्यभिचार हेतू! पण घरात त्यावरून लगेच निष्कर्ष निघतो आणि बाटली येते. मग काय होतं? बाटलीने पोट भरलेलं बाळ आईला कमी ओढतं. बाळाने कमी ओढलं की दूध कमी बनतं, कारण दूध बनण्याचा मुख्य हुकूम ओढण्यातूनच येतो. आठवड्याभरात दूध खरंच पुरेनासं होतं आणि घरातले म्हणतात, "बघा, आम्ही सांगत होतो." चुकीचं अनुमान स्वतःला खरं करून दाखवतं. तर्कशास्त्राच्या पुस्तकात इतकं वाईट उदाहरण आम्हाला सापडलेलं नाही.

म्हणून आधी लंगोट मोजा, वजन बघा, चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजलं जातंय का ते बघा. हे ठीक असेल तर दूध पुरतं आहे आणि रडण्याचं कारण दुसरीकडे शोधायचं.

दुसरं अनुमान याहून घातक: "बाळ शांत आहे, म्हणजे सुखात आहे." याविषयी आम्हाला आमच्याच घरातलं सांगावं लागेल.

आमच्या धाकट्या मुलीचा जन्म 1981 च्या हिवाळ्यातला. प्रबंध नुकताच सादर केला होता, विषय अर्थातच अनुमान. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत पोर घर डोक्यावर घेत होती. सातव्या दिवशी एकदम शांत झाली. पाच-पाच तास झोपली. पाजायला घेतलं तर दोन घोट ओढायची आणि तोंड सोडून द्यायची. आम्ही शेजाऱ्यांना सांगितलं, मुलगी गुणी निघाली. तिच्या आईला काहीतरी चुकतंय असं वाटत होतं. ती दोनदा म्हणालीही. "तू थकली आहेस, तीही झोपतेय तर तूही झोप," असं आम्ही समजूत घातल्यासारखं बोललो.

संध्याकाळी बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या बाई आल्या. त्यांनी पोरीला पायांवर घेतलं आणि हात थांबवला. म्हणाल्या, "वहिनी, पोर ढिली पडलीया. काल अंग आवळत हुती, आज न्हाई. पाणी नको, दवाखान्यात न्या." आम्ही तरीही विचारलं, सकाळी नेलं तर? त्या म्हणाल्या, "सकाळ कुणी बघितलीया?"

रात्रीच नेलं. रक्तात जंतुसंसर्ग होता. दहा दिवस इंजेक्शनं चालली. मुलगी वाचली, आज तिची मुलं कॉलेजात आहेत. पण त्या दिवशी घरात धूर दिसत असताना, धुरावर प्रबंध लिहिलेल्या माणसाला तो दिसला नाही. जिला कळत होतं तिला आम्ही झोपायला सांगितलं, आणि जिच्यामुळे पोर वाचली ती बाई सही म्हणून अंगठा उठवत होती.

त्या बाईंचं वाक्य नीट बघा. "काल आवळत होती, आज नाही." आजच्या बाळाची तुलना दुसऱ्या कुठल्या बाळाशी केलेली नाही, कालच्या त्याच बाळाशी केली आहे. पेंगणारं बाळ आजारीच असतं असं नाही. नवजात बाळ दिवसाचे सोळा-सोळा तास झोपतं. पण जागं होऊन नीट ओढणारं बाळ आज उठवूनही ओढत नाही, हा फरक म्हणजे धूर. आणि कालचं बाळ सगळ्यांत जास्त कुणाला माहीत असतं? आईला.

शब्द: आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे

आता त्या गृहस्थांचा प्रश्न. ऐकायचं कुणाचं? न्यायसूत्रं सांगतात, आप्ताचं सांगणं हे शब्दप्रमाण. मराठीत गंमत अशी, की आप्त म्हणजे नातेवाईक. बारशाला येतात ते आप्तेष्ट. आणि प्रत्येक जण उपदेश करूनच जातो, तेव्हा आप्तोपदेशाची घरात कमतरता नसते!

पण शास्त्रातला आप्त कोण? न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणारा वात्स्यायन, म्हणजे कामसूत्रवाला नव्हे, दोन अटी घालतो. एक, सांगणाऱ्याने ती गोष्ट स्वतः जाणलेली हवी. दोन, जशी जाणली तशीच सांगावी एवढीच त्याची इच्छा हवी. आणि पुढे तो म्हणतो, हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ, सगळ्यांना सारखंच लागू आहे. जात, वय, पदवी, नातं यांतलं काहीही अटींत नाही.

पहिली अट लावून बघू. आजी म्हणते, "आम्ही चार पोरं अशीच वाढवली, काय झालं?" आजीबद्दल पूर्ण आदर ठेवून बोलतो. तिने जगलेली चार पाहिली. मघाचा 129 चा आकडा आठवा. जी बाळं राहिली नाहीत ती साक्ष द्यायला येत नाहीत, आणि पुष्कळ घरांत त्यांचं नावसुद्धा घेतलं जात नाही. एखादा उपाय निर्धोक आहे हे जाणायचं असेल तर जगलेल्यांइतकेच न जगलेले मोजावे लागतात. ते मोजण्याचं काम वैद्यकशास्त्राने केलं, म्हणून तिथे त्याचा शब्द वरचढ. पण बाळ रात्री किरकिर करत असताना त्याला खांद्यावर कसं घ्यायचं, ढेकर कसा काढायचा, दमलेल्या सुनेला केव्हा उठवायचं आणि केव्हा झोपू द्यायचं, हे आजीने जाणलेलं आहे. तिथे आजी आप्त. आप्तपण माणसाला सरसकट मिळत नाही, ते विषयापुरतं असतं. आमच्याकडच्या त्याच बाई बाळाच्या कानात तेल घालायच्या आणि नाकात फुंकर मारायच्या. तेवढ्यापुरता त्यांचा शब्द प्रमाण नव्हता.

दुसरी अट इच्छेची. ज्याला डबा विकायचा आहे त्याचं दुधाबद्दलचं सांगणं आप्ताचं नव्हे. आपल्या देशाने हे कायद्यात आणलं: 1992 च्या कायद्याने बाळाच्या डब्याच्या दुधाची आणि दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायला बंदी आहे. आणि मोबाइलवर पुढे ढकलून आलेला सल्ला? तिथे सांगणाराच दिसत नाही, मग दोन्ही अटी लावायच्या कुणाला?

म्लेच्छांचंही एक उदाहरण घ्या. 1970 च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटा शहरात कमी वजनाच्या बाळांसाठी काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. तिथल्या डॉक्टरांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. आज आपल्या सरकारी रुग्णालयांत कांगारू मदर केअर म्हणून शिकवतात ते हेच. मघाशी ऊब द्यायला सांगितलं त्याचं मूळ तिथलं.

गडचिरोलीचा दाखला

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर आपल्याच महाराष्ट्रात या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' संस्थेमार्फत गडचिरोलीत 1990 च्या दशकात एक प्रयोग केला. दवाखाना दूर, रस्ते नाहीत, बाळंतपणं घरात. 39 गावांतल्या, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या बायकांना त्यांनी शिकवलं: बाळाचं वजन घ्यायचं, ताप बघायचा, श्वास मोजायचा, ऊब टिकवायची, आणि जंतुसंसर्ग ओळखून घरीच इंजेक्शन द्यायचं. त्यांना नाव दिलं आरोग्यदूत. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतला नवजात बालमृत्युदर, शेजारच्या तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, 62 टक्क्यांनी घटला. 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं.

तत्त्वज्ञानाच्या माणसाला यात काय दिसतं? संसर्ग ओळखायची त्यांची लक्षणं बघा. आधी नीट रडणाऱ्या बाळाचं रडणं क्षीण झालं किंवा थांबलं. आधी नीट ओढणारं आता कमी ओढतं. आधी जागं-सावध असणारं आता सुस्त पडलं. आधी आणि आता! आमच्याकडच्या बाईंनी बोटांनी ओळखलं ते इथे तपासून, मोजून, शिकवता येईल असं केलं. अनुभवाचं शास्त्र झालं. आणि आरोग्यदूत बाई दोन्ही अटी पुऱ्या करते: तिने जाणलं आहे, आणि तिला काही विकायचं नाही.

हीच पद्धत पुढे 2011 मध्ये देशभर आली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. शहरातली काही मंडळी तिला दारातूनच "आमचे डॉक्टर आहेत" म्हणून परत पाठवतात. तसं करू नका. तिला आत बोलवा, वजन करू द्या.

परंपरेचं काय करायचं?

सरसकट ठेवायची किंवा सरसकट टाकायची, दोन्ही आळशीपणाचे मार्ग. एकेक गोष्ट वेगळी करून बघावी.

सव्वा महिना घ्या. आईला विश्रांती, बाहेरची माणसं कमी, बाळ आईजवळ. हे उत्तम आहे, आणि बेचाळीस दिवसांच्या आधुनिक हिशेबाशी जवळजवळ जुळतंही. पण "सव्वा महिना बाळाला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही" हा त्याच परंपरेचा दुसरा अर्थ लावून आजारी बाळ घरात ठेवलं, तर तीच परंपरा जीव घेते. पाचवीला सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहिते म्हणतात आणि घर जागरण करतं. पूजा खुशाल करा. त्या रात्री जागे आहातच, तर बाळाच्या पोटाला आणि पावलांना हात लावून बघा.

चीक पिळून टाकायचा नाही. रोगांशी लढणारी द्रव्यं त्यात भरपूर असतात. जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीला लावावं. मध चाटवायचा नाही, वर्षाच्या आत अजिबात नाही. त्यातून क्वचित पण जीवघेणी विषबाधा होते. सहा महिने फक्त आईचं दूध. गुटी नको, आणि वैशाखातसुद्धा वरचं पाणी नको. काजळ नको, काही काजळांत शिसं असतं. नाळ कोरडी आणि उघडी ठेवायची. हळद, राख, तेल काही नाही. आठवडा-दोन आठवड्यांत ती आपणच पडते. बेंबीभोवती लाली, पू किंवा वास आला तर दाखवायचं. पहिली अंघोळ चोवीस तासांनंतर, आणि बाळ फार लहान असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा. मालिश हलक्या हाताने जरूर, पण नाकाकानात तेल नाही. बंद खोलीत शेगडी आणि धुरी नाही. झोपवायचं उताणं, उशी नको, मोहरीचीसुद्धा.

आणि बाळंतिणीकडे बघा. पहिल्या दोन आठवड्यांत तिला कारण नसताना रडू येणं पुष्कळदा होतं. ते दोन आठवड्यांच्या पुढे टिकलं, तिला बाळ नकोसं वाटू लागलं, किंवा स्वतःला काही करावंसं वाटलं, तर त्याला नाटक म्हणू नका. त्यावर उपचार आहेत. आधीच्या बाळंतपणांत त्या बायकांना ते मिळाले नाहीत एवढंच.

आता त्या गृहस्थांना उत्तर. तुम्हाला एकच माणूस निवडायचा नाही. लस, वजन, संसर्ग यांत डॉक्टर आणि आशाताई. सांभाळण्याच्या हातोटीत आजी. आणि आज बाळ कालसारखं नाही, याबाबतीत आईचा शब्द सगळ्यांच्या आधी. तो ऐकल्यावर तिला पुरावा मागत बसू नका, रिक्षा बोलवा. दूध ओढेनासं झालं, उठवूनही सुस्त, अंग ढिलं किंवा आकडी, पोट गार किंवा ताप, साठच्या वर श्वास किंवा छातीत खड्डा पडणं, यांतलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही. न्यायला लागलं आणि काही निघालं नाही, तर एक चक्कर फुकट गेली. आम्ही अशा चकरा नातवंडांच्या वेळी तीनदा मारल्या. तिन्ही वेळा हसत परत आलो.

पुढच्या खेपेला मूळ वेळापत्रकाप्रमाणे हेत्वाभासांचे बाकीचे प्रकार घेऊ. सव्यभिचार आज घरीच शिकून झाला आहे.